हप्ता आठवड्याचा, पीक वर्षाचे



मागच्या तालुका बैठकीत कर्जाचा ठराव वाचून झाला. सोसायटीचे कर्ज, बँकेचे पीककर्ज, वीजबिलाची थकबाकी, सगळे त्यात होते. टाळ्या पडल्या. आता कागदाची घडी घालायची, इतक्यात मागच्या सतरंजीवरून एका बाईंनी विचारले, "दादा, यात आमच्या गटाचा हप्ता कुठं आहे? दर बुधवारी सहाशे रुपये भरतो आम्ही. ते कर्ज नाही का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर, व्यासपीठावर बसलेल्या आम्हा मंडळींपैकी निम्म्यांना आपल्या स्वतःच्या घरातून बुधवारी किती जातात हेच ठाऊक नव्हते. सातबारा आपल्या नावावर, म्हणून पीककर्ज आपल्या नावावर. ते थकले आणि बँकेचे दार बंद झाले की घरातल्या बाईच्या सहीवर दुसरे कर्ज येते. मृगाचे बियाणे त्यातून येते, दुबार पेरणीचे तर नक्कीच त्यातून येते. कागदावर मात्र लिहिलेले असते 'शिलाई मशीन' नाहीतर 'शेळीपालन'. सही तिची, अपमान तिचा, आणि ठरावात जागा नाही.

जिल्हा बैठकीत हा प्रश्न पुन्हा निघणार आहे. काही तरुण कार्यकर्ते म्हणतात, सरळ हाक द्या, हप्ते बंद. काही म्हणतात, उलट या कर्जानेच गावात चार धंदे उभे राहिले, बोलू नका. दोघांचेही ऐकून, आकडे तपासून, आम्हाला काय वाटते ते येथे मांडतो.

बांबूच्या स्टुलाची गोष्ट

या लहान कर्जाची आजची पद्धत बांगलादेशातून आली. १९७६ साली चित्तगाव विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनुस शेजारच्या जोब्रा गावात फिरत होते. तेथे एक बाई बांबूचे स्टूल विणून विकत असे. बांबूला पैसे नसत. व्यापारी उसने देई. अट एकच, तयार स्टूल त्यालाच द्यायचे आणि तो म्हणेल त्या भावाने. दिवसभर बोटे सोलून तिच्या पदरात अर्धा टाका उरे. युनुस यांनी गावात अशांची यादी केली. ४२ जण निघाले. या सर्वांना सोडवायला लागणारी रक्कम होती ८५६ टाका, त्या वेळचे २७ डॉलर. ती त्यांनी खिशातून दिली. पुढे १९८३ साली ग्रामीण बँक उभी राहिली. पाच-पाच बायांचा गट, दर आठवड्याला बैठक, दर आठवड्याला हप्ता. २००६ साली युनुस आणि त्यांची बँक या दोघांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जगभर ही गोष्ट सांगतात ती अशी, की गरिबाला कर्ज द्या, तो फेडतो. ते खरेच आहे. पण कापूसवाल्याने ही गोष्ट ऐकली तर तो दुसऱ्याच ठिकाणी थांबेल. त्या बाईला खरी टोचणी व्याजाची नव्हती. ज्याच्याकडून पैसे घेतले त्यालाच, त्याच्याच भावाने माल द्यायचा, ही ती टोचणी होती. आपल्याला हे नवे नाही. आषाढात ज्याच्या दुकानातून उधारीवर बियाणे-खत आणले, दसऱ्याला त्याच्याच काट्यावर कापसाची गाडी लागते. त्या काट्यावर भावाची घासाघीस कोण करणार?

त्या २७ डॉलरची किंमत एवढीच होती, की स्टूल कोणाला विकायचे हे बाई ठरवू लागली. म्हणून कोणतेही कर्ज दारात आले की पहिला प्रश्न हा विचारावा: या पैशाने माझी विकण्याची मोकळीक वाढणार, की गळ्यात आणखी एक दावे पडणार?

गट आणि गट यांत फरक

आपल्याकडे सगळ्यालाच 'गट' म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. गट दोन जातीचे आहेत.

पहिला बचत गट. दहा-वीस बाया महिन्याला पन्नास-शंभर रुपये टाकतात, आपसांत कर्ज देतात, व्याज गटाच्याच पेटीत परत येते. नाबार्डने १९९२ साली असे ५०० गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला. पुढे तो देशभर पसरला. आपल्याकडे महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे, 'उमेद' अभियान २०११ नंतर आले. या गटात कर्ज किती, कोणाला, कधी फेडायचे हे बाया ठरवतात. दिवाळीत कापूस विकला की दोन हप्ते एकदम भरले तरी चालते.

दुसरा गट कंपनीचा. त्यात बचत नाही, पेटी नाही. कंपनीचा मुलगा मोटारसायकलवर येतो, पाच-दहा बाया जमवतो, फोटो काढतो, आणि प्रत्येकीला दुसरीची जामीन करतो. व्याज गावाबाहेर जाते. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात बसतात. वसुलीचे काम कंपनीने शेजारणीवर सोपवलेले असते, आणि त्याचा पगारही द्यावा लागत नाही.

बाईंचा बुधवारचा हप्ता या दुसऱ्या गटाचा होता.

हिशेब मांडून पाहू

दहा हजारांचे कर्ज. पन्नास आठवडे, आठवड्याला २२५ रुपये. एकूण भरणा ११,२५०. वर वर पाहता व्याज १,२५०, म्हणजे साडेबारा टक्के. ऐकायला बरे वाटते. पण दहा हजार वर्षभर तुमच्या हातात राहिलेच कुठे? पहिल्या आठवड्यापासून मुद्दल परत जात आहे. पंचविसाव्या आठवड्याला निम्मी रक्कम कंपनीकडे गेलेली असते. वर्षभराची सरासरी काढली तर तुमच्याकडे पाच हजारांच्या थोडे वर राहिले. त्यावर १,२५० व्याज, म्हणजे दर चोवीस टक्क्यांच्या आसपास. त्यात फी आणि विमा पहिल्याच दिवशी कापून घेतला असेल तर दर आणखी वर. सांगितलेला आकडा आणि घटत्या मुद्दलावरचा आकडा यांत असा दुपटीचा फरक पडतो. हे गणित प्रत्येक घरात एकदा पाटीवर मांडावे.

पण व्याजापेक्षाही मोठा घोळ तारखेचा आहे. कापसाचा पैसा येतो दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत. ज्वारीचा येतो माघ-फाल्गुनात. हप्ता सुरू होतो कर्ज घेतल्यावर पंधरा दिवसांत. जूनमध्ये कर्ज काढून सरकी टोबली, तर जुलैतला हप्ता कशातून द्यायचा? पऱ्हाटीला अजून दुसरे पानही नीट फुटलेले नसते. मग तो जातो निंदणीच्या मजुरीतून. पावसाने ओढ दिली आणि मजुरी थांबली की दुसऱ्या कंपनीचे कर्ज काढून पहिलीचा हप्ता जातो. आमच्या माहितीतल्या एका घरात असे चार हप्ते चालू होते, सोमवारी एक, बुधवारी दोन, शुक्रवारी एक. चारही पुस्तके पिठाच्या डब्यात ठेवलेली. घरधन्याला दोनच ठाऊक होती.

आठवड्याचा हप्ता वाईटच असे नाही. ज्याचा गल्ला रोज भरतो त्याला तो सोसतो. चहाची टपरी, भाजीचा हातगाडा, दुधाची म्हैस, यांना आठवडा बरोबर बसतो. पावसावरच्या पिकाला बसत नाही. हे कपडे दुसऱ्याच्या मापाने शिवलेले आहेत.

कोलकात्याला याच गोष्टीची परीक्षा झाली. काही बायांना नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांनी हप्ता लावला, काहींना दोन महिन्यांची सवलत दिली. सवलत मिळालेल्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि पुढे त्यांचा नफाही जास्त राहिला. हा अभ्यास २०१३ साली छापून आला. त्यातच हेही निघाले, की सवलतवाल्यांत कर्ज थकण्याचे प्रमाण थोडे वाढले. कंपनीला थकबाकी दिसते, बाईचा नफा तिच्या वहीत येत नाही. मग ती सवलत देईल कशाला?

धंदा वाढतो कशाने?

लहान कर्जाने लहान धंदे वाढतात, हा या साऱ्याचा गाभा मानतात. तसे होते का? हैदराबादच्या १०४ वस्त्यांत हे तपासले गेले. निम्म्या वस्त्यांत कंपनीने २००५ नंतर आधी शाखा उघडल्या, निम्म्या वस्त्या मागे ठेवल्या. नंतर दोन्हींची तुलना झाली. ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी त्यात थोडी भर घातली. नफा वाढला तो आधीच बरे चाललेल्या मोजक्यांचा. घरखर्च, मुलांचे शिक्षण, घरात बाईचा शब्द, यांत सरासरीने फरक पडला नाही. २०१५ साली बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को येथले अभ्यास याच्याबरोबर छापले गेले. सूर तोच. लहान कर्जाने गरिबी हटली नाही, आणि सरसकट सगळे बुडाले असेही नाही.

पंडितांना हे सिद्ध करायला दहा वर्षे लागली. आपल्या पारावर बसणाऱ्याला ते आधीच दिसते. एका गावात गटाच्या कर्जातून वर्षभरात चार किराणा दुकाने निघाली. आधीची दोन होतीच. गावात घरे तेवढीच, साखर-चहा तेवढाच. सहाही दुकानांची उधारीची वही जाड झाली आणि दोन दुकाने पुढच्या मृगाआधी बंद पडली. चुकले कोणाचे? बाया आळशी नव्हत्या. गिऱ्हाईकाच्या खिशात पैसा नव्हता.

गावातला प्रत्येक धंदा शेवटी शेताच्या बांधावर उभा असतो. कापसाला भाव मिळाला की शिंप्याकडे कपडे येतात, सुताराकडे दारे-खिडक्या येतात, सोनारही हसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले गेले, आणि सवलतीची मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली गेली, म्हणजे नेमकी आपल्या वेचणीच्या काळात. त्याचा विचार करताना फक्त कापूसवाल्याकडे पाहू नका. बाजारच्या रस्त्यावर भजी तळणारीचा गल्लाही त्यातच गेला. शेतमालाच्या भावावर एका हाताने पाणी ओतायचे आणि दुसऱ्या हाताने तिला दहा हजार कर्ज देऊन 'उद्योजक हो' म्हणायचे, याला काय म्हणावे?

दुसरी गोष्ट. धंदा वाढायचा तर गावातून जो माल कच्चा जातो तो थोडा पक्का होऊन जायला हवा. एक क्विंटल कापसातून ३४-३५ किलो रुई निघते, बाकी सारी सरकी. सरकीतून तेल आणि ढेप. आपण सगळा कापूस एकदम गाडीत घालून देतो आणि म्हशीसाठी ढेप विकत आणतो. तूर पोत्याने जाते, डाळ किलोने येते. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळमिल कित्येक गटांनी चालवून दाखवली आहे. सोलापूरकडच्या बायांनी ज्वारीची कडक भाकरी पाकिटात घालून शहरात पोचवली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ज्वारीला गिऱ्हाईक नाही असे कोणी म्हणू नये.

पण डाळमिलला शेड, वीज आणि हंगामात तूर घेऊन ठेवायला खेळते भांडवल, सगळे मिळून लाखांत लागते. तीस-चाळीस हजार दारात आणून देणारे पाच जण आहेत. तीन-चार लाख देणारा कोणी नाही. २०१५ पासून मुद्रा योजना आहे, तारण लागत नाही असे कागदावर आहे. २०२० सालच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल दहा लाख अनुदान आहे, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेले. शाखेत काय काय मागतात आणि किती वेळा 'पुढच्या आठवड्यात या' म्हणतात, ते ज्याने चपला झिजवल्या त्याला विचारा. या शिडीला खालची पायरी आहे आणि वरची आहे, मधल्या पायऱ्या काढून घेतल्या आहेत. म्हणून आपली बाई दहा वर्षे एकाच पायरीवर उभी राहून हप्ते भरते.

मग हप्ते बंद करायचे का?

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे ओढून काढले आणि जाळले. दंगा पसरला, सरकारला चौकशी करावी लागली आणि १८७९ चा शेतकरी संरक्षणाचा कायदा आला. तरुणांच्या मनात तीच आठवण आहे. आम्हाला तिचा अभिमान आहे. पण आज जाळायला वही नाही. नोंद संगणकात आहे. थकबाकीचा शिक्का बाईच्या आधार क्रमांकामागे लागला की उद्या सरकारी बँकही मधली पायरी देणार नाही.

आंध्र प्रदेशात काय झाले तेही पाहावे. कंपन्यांनी एकाच घरावर कर्जावर कर्ज लादले, वसुलीचा जाच झाला, आत्महत्या झाल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढला. वसुली थांबली. जाच थांबला हे चांगलेच झाले. पण बँकांनी कंपन्यांना पैसा देणे आखडले, नवे कर्ज आटले, आणि पेरणीला लोक पुन्हा सावकाराच्या ओट्यावर गेले. ज्या कंपन्या आंध्रात अडकल्या त्यांचे दुसऱ्या राज्यांतले कर्जही आटले, आणि तेथल्या मजुरीवर त्याचा परिणाम झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. नुसती पाइपलाइन फोडून शेताला पाणी मिळत नाही.

म्हणून सरसकट 'हप्ते बंद' ही हाक आज द्यावी असे आम्हाला वाटत नाही. ती हाक आपण व्यासपीठावरून देऊ, आणि दुसऱ्या दिवशी दारात उभी राहील ती शेजारीण, कंपनीचा मालक नव्हे.

माणच्या बायांनी काय केले

साताऱ्याचा माण तालुका आपल्यासारखाच कोरडा. म्हसवडला तेथल्या बायांनी चेतना सिन्हा यांच्याबरोबर स्वतःची सहकारी बँक काढायचे ठरवले. परवान्याचा पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण अर्जावर अंगठे होते. बाया शिकायला बसल्या आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. साहेबांना म्हणाल्या, आम्हाला लिहिता येत नसेल, हिशेब येतो. कोणत्याही रकमेचे व्याज विचारा, यंत्राशिवाय सांगतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तिची सुरुवात कर्जापासून झाली नव्हती. रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी झोपडीवर कापड टाकायला रोज चार पैसे शिल्लक ठेवायचे होते आणि कोणतीही बँक तिचे खाते उघडत नव्हती, त्यातून ती झाली. आधी स्वतःची शिल्लक, मग कर्ज. पेटीची किल्ली आपल्याकडे असली की हप्त्याची तारीखही आपल्याला ठरवता येते.

आता करायचे काय

प्रथम नियम माहीत करून घ्या. रिझर्व्ह बँकेचे मार्च २०२२ चे नियम सांगतात: वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दिलेल्या अशा कर्जाला तारण घ्यायचे नाही. घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. व्याज आणि सगळ्या फी धरून वर्षाचा दर किती पडतो ते कळणाऱ्या भाषेत कागदावर लिहून दिले पाहिजे. मुदतीआधी फेडले तर दंड नाही. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी गाठायचे नाही, शिवीगाळ-धमकी नाही. कंपनीकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याला फी नाही. मात्र याच नियमांनी व्याजदराची जुनी मर्यादा काढून टाकली आहे, हेही लक्षात ठेवा.

आणि 'महिन्याचे उत्पन्न' हा शब्द पाहा. कोरडवाहू शेतकऱ्याला महिन्याचे उत्पन्न असते का? कंपनीचा मुलगा वर्षाचे उत्पन्न भागिले बारा करून रकाना भरतो. त्याच्या कागदावर आपल्या घरी ज्येष्ठातही पैसा येतो.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही पुढील गोष्टी ठेवतो.

एक, कोरडवाहू जिल्ह्यांत शेतीशी जोडलेल्या लहान कर्जाचा हप्ता पिकाच्या विक्रीशी बांधला जावा. डिसेंबर ते मार्चमध्ये मुद्दल, बाकी काळात फक्त व्याज.

दोन, जुन्या बचत गटांना, ज्यांची परतफेड चोख आहे, त्यांना दोन ते पाच लाखांची मधली पायरी त्यांच्या परतफेडीच्या नोंदीवर मिळावी. नोंद थकलेल्याला अडवायला वापरता, तर भरणाऱ्याला पुढे न्यायलाही वापरा.

तीन, पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. गोदामात माल ठेवून सहा टक्क्यांनी कर्ज मिळते आणि भावाची वाट पाहता येते. तूर-ज्वारीसाठी प्रत्येक बाजार समितीने ती खरोखर चालवावी. जोब्राच्या बाईला जी मोकळीक मिळाली, ती आपल्याला यातून मिळते.

चार, हे आपल्या घरचे. या आठवड्यात घरातली सगळी पुस्तके डब्यातून बाहेर काढा. नवरा-बायकोने समोरासमोर बसून बेरीज करा. ज्या घरात हप्ता लपवावा लागतो, त्या घरातल्या बाईने कंपनीला आणि घरधन्याला, दोघांनाही भ्यायचे का?

आणि बैठकीला येताना ती पुस्तके घेऊन बाईंनाच पाठवा. या वेळचा कर्जाचा ठराव त्यांनी वाचावा, आम्ही सतरंजीवर बसू.